देवगिरीच्या बाजूला शांत बंगला हवा आहे, आईसाठी, तीन-चार रात्री

शेवंती (कासारवडवली)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

दिवाळी झाली की आईला घेऊन तीन-चार रात्री बाहेर जायचं आहे. छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला, म्हणजे दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ या पट्ट्यात एखाद्या बंगल्यात किंवा शेतघरात कुणी राहिलंय का? शहरातलं हॉटेल नको. पोहण्याचा तलाव नकोच. आई 74 वर्षांची आहे. सपाटीवर अर्धा-पाऊण तास आरामात चालते, पायऱ्या मात्र मोजक्याच.

‘शांत’ म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगते. आई दोन्ही कानांना यंत्र लावते. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना आमच्याकडच्या आवाजाचं वेगळं काही सांगायला नको. एका बाजूला मेट्रोचं काम कित्येक वर्षं चाललंय, मागे दोन इमारती पाडून टॉवर उभा राहतोय, आणि रात्री सिमेंटचे मिक्सर रांगेत उभे असतात. यंत्राला माणूस आणि मिक्सर यांतला फरक पुरता कळत नाही, दोघांचाही आवाज ते मोठा करतं. आईचं डोकं दुखायला लागतं, मग ती यंत्रं काढून डबीत ठेवते. हल्ली ती दिवसभर डबीतच असतात. जेवताना आम्ही काही बोललो की ती नुसतं “हो, हो” म्हणते. तिला ऐकू आलेलं नसतं, हे आम्हाला ठाऊक असतं आणि तिलाही.

गेल्या थंडीत याच कारणाने तिला कर्जतच्या बाजूला एका व्हिलात नेलं होतं. ‘निसर्गाच्या कुशीत, निवांत’ असं लिहिलेलं होतं. संध्याकाळी सहापर्यंत खरंच निवांत होतं. मग पलीकडच्या लॉनवर हळदीचा कार्यक्रम सुरू झाला आणि रात्री एकपर्यंत खिडकीच्या काचा थरथरत राहिल्या. मालकांना फोन केला तर म्हणाले, ते लॉन आमचं नाही, आम्ही काय करणार. आईने यंत्रं काढली होती, पण दणका छातीत बसतोच की. दुसऱ्या दिवशी सकाळीच परत आलो. दोन रात्रींचे पैसे गेले ते गेले, पण “मला आता कुठे नेऊ नका, घरीच बरं” हे ती म्हणाली ते फार लागलं.

देवगिरीच का, तर तिच्या माहेरी पैठणची वारी होती. एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दन स्वामी देवगिरीचे किल्लेदार. नाथांनी जिथे गुरूंची सेवा केली तो गड एकदा पायथ्याशी उभं राहून तरी बघायचाय, असं ती लहानपणापासून म्हणत आली आहे. माहिती असेल तर कृपया सांगा.

खाडीकाठ (नेरूळ)

शेवंतीताई, वाचून वाईट वाटलं. आम्ही आमच्या लेकाला घेऊन असंच फिरतो. त्याला मोठा आवाज सहन होत नाही. ठेचा खात खात जे शिकलो ते सांगते.

फोनवर “शांत आहे का?” असं विचारूच नका. सगळे हो म्हणतात, आणि खोटंही बोलत नसतात. त्यांना रोजचं ऐकून काही वाटत नाही. त्यापेक्षा असं विचारा: शेजारचा प्लॉट कुणाचा आहे, तिथे काय आहे? जवळचं मंगल कार्यालय किंवा लॉन किती लांब? एका वेळी किती कुटुंबांना जागा देता? बाहेर स्पीकर लावू देता का, कितीपर्यंत? जनित्र आहे का, आणि ते झोपायच्या खोलीपासून किती अंतरावर?

आणि ठरवायच्या आधी एका शनिवारी रात्री नऊ वाजता व्हिडिओ कॉल करा. त्यांना म्हणावं, अंगणात येऊन दोन मिनिटं काही न बोलता उभे राहा. आम्ही हे दोन ठिकाणी केलं. एका ठिकाणी त्या गृहस्थांना आमचं बोलणंच ऐकू येईना. तिथलं काम तिथेच संपलं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही दिवाळीनंतर जाताय. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू. कालनिर्णय काढा आणि मुहूर्ताचे दिवस टाळा. नकाशावर त्या भागातली लॉन्स शोधा आणि बंगल्यापासूनचं अंतर मोजा. उघड्यावरचा डीजे आडवा माळ असेल तर दोन किलोमीटरवरसुद्धा येतो. मध्ये डोंगर असेल तर येत नाही.

वाऱ्याची_दिशा (खारघर)

एवढं लांब कशाला? अलिबाग, मुरूड, नाहीतर वसईचा किल्ला आहे. वसईला चिमाजी अप्पांनी 1739 साली पोर्तुगिजांकडून घेतलेला किल्ला आहे, सपाट आहे, आईंना आत फिरता येईल. पाच तास गाडीत बसणं 74 व्या वर्षी त्रासाचं नाही का?

शेवंती (कासारवडवली)

तुमचं म्हणणं चुकीचं नाही. पण वसई बघून आई “छान आहे” म्हणेल, देवगिरीचं नाव काढलं तर ती चार दिवस आधी बॅग भरेल. आणि अलिबागच्या बाजूला शनिवार-रविवारी काय असतं ते आपण सगळे जाणतोच.

खाडीकाठ, अंगणात उभं राहायला सांगायची युक्ती लिहून घेतली. मुहूर्ताचं तर डोक्यातच आलं नव्हतं.

मूळचा_लासूरचा (ऐरोली)

ताई, मी लासूर स्टेशनचा. गेली अठरा वर्षं ऐरोलीत आहे, पण घर अजून तिकडेच आहे, म्हणून अधिकाराने सांगतो.

शहरातून वेरूळकडे निघालात की पडेगाव, मिटमिटा लागतं. तिथे राहू नका. तो आता शहराचाच भाग झालाय आणि त्या रस्त्यावर लॉनच लॉन आहेत. पुढे दौलताबाद. किल्ल्याच्या अगदी समोर राहायचा मोह होतो, पण तिथे रस्ता कोटाच्या जुन्या दरवाजातून जातो. मोठी गाडी आली की अडकते, मग दोन्हीकडून हॉर्न. दिवसा बघायला जा, रात्री मुक्काम नको.

घाट चढून खुलताबादला आलात की हवा बदलते. तिथून म्हैसमाळकडे एक रस्ता जातो आणि शूलिभंजनकडे एक. या दोन रस्त्यांच्या आत एक-दोन किलोमीटर शिरलात की तुम्हाला हवं ते मिळेल. मका, अद्रक, कपाशी, थोडी सीताफळं. (तुम्ही आलं म्हणता, आमच्याकडे अद्रक. त्या पट्ट्यात ती भरपूर असते.) उंचावर असल्याने रात्री गारठा पडतो. आईंना स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे घ्याच.

वाराचा हिशेब नीट मांडा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद. अजिंठा सोमवारी बंद, पण आईंना घेऊन या खेपेला अजिंठा धरू नका, ते दुसऱ्या दिशेला शंभर किलोमीटर आहे. खुलताबादला भद्रा मारुती आहे, तिथे शनिवारी गर्दी असते. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला तर शहरातून रात्रभर लोक पायी येतात. म्हणून रविवारी दुपारी पोचा, जेव्हा सगळे परत निघालेले असतात, आणि गुरुवारी सकाळी निघा. भावही कमी होतो.

वेरूळला 34 लेणी आहेत. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. आईंना सगळी दाखवायचा हट्ट धरू नका. 10 आणि 16 पुरेत. 16 म्हणजे कैलास. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं काम, कळसापासून खाली पायापर्यंत एकाच डोंगरातून कोरत आणलेलं. सकाळी उघडल्या उघडल्या जा, सहलीच्या बसा यायच्या आत. लेण्यांपासून जवळच घृष्णेश्वर आहे. ते मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधून काढलेलं. वेरूळ हे भोसल्यांचं गाव, मालोजीराजांचं, हेही आईंना सांगा.

देवगिरीला वरपर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत, तो विचारच नको. पण महाकोटाच्या दरवाजातून आत गेलं की चांदमिनार आणि भारतमाता मंदिरापर्यंत बरीचशी सपाटी आहे. तिथून अख्खा डोंगर दिसतो, खालून तासून उभा केलेला. जनार्दन स्वामींची समाधी वर आहे. तिथपर्यंत नाही पोचलात तरी दिसतो तो गड नाथांनी पाहिलेलाच आहे.

एक-दोन घरं मला ठाऊक आहेत. इथे नावं देत नाही, व्यक्तिगत निरोप पाठवतो. मालकांशी तुम्ही स्वतः बोला.

स्टेअरिंग (कळवा)

रस्त्याचं मी सांगतो. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून आमण्यापर्यंत पूर्ण खुला झालाय, म्हणजे भिवंडीजवळून थेट. सगळ्यात वाईट तुकडा तुमच्या दारातलाच आहे, माजिवडा ते वडपे. रुंदीकरण आणि गोदामांचे कंटेनर. पहाटे साडेपाचला निघा. एकदा आमण्याला चढलात की कसारा घाट नाही, इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. तुम्हाला माळीवाडा इंटरचेंजला उतरायचंय, तिथून देवगिरी अगदी जवळ. शहरात शिरायचं कामच नाही.

मर्यादा 120 ची आहे, तुम्ही 90-100 वरच राहा. सरळसोट काँक्रीट, डोळा लागतो. निघायच्या आधी टायर दाखवून घ्या, जुने असतील तर बदला. तापलेल्या काँक्रीटवर लांब पळवताना जुनाच टायर फुटतो. दर तासाला थांबा, पण रस्त्याच्या कडेला अजिबात नाही, ठरवून दिलेल्या ठिकाणीच.

पायवाट७ (दिवा)

बाइकने जाता येतं का समृद्धीवर?

स्टेअरिंग (कळवा)

नाही. दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे. रेल्वेने जा. ठाण्याहून सकाळी तपोवन आहे, रात्री देवगिरी, आणि वंदे भारतही ठाण्याला थांबते.

अनुस्वार (वाशी)

मी कानांच्या यंत्रांचं काम करते, म्हणून राहवलं नाही.

आईंचा अनुभव अगदी नेहमीचा आहे. त्यांची यंत्रं बिघडलेली नाहीत. गोंगाटात बोलणं वेगळं काढणं हेच कानाचं आणि मेंदूचं सगळ्यात कठीण काम असतं, यंत्र त्यातला थोडाच भार उचलतं. पण दिवसेंदिवस यंत्रं डबीत राहिली की मेंदूची ऐकायची सवय मोडते. शांत जागी चार दिवस लावून राहणं याचा खरंच उपयोग होईल. पहिल्या दिवशी त्यांना पानांचा, पावलांचा, वर्तमानपत्राच्या घडीचा आवाजसुद्धा मोठा वाटेल. घाबरू नका, आवाज थोडा कमी ठेवून सुरुवात करा.

एक अगदी साधी गोष्ट: सेल जास्तीचे घ्या. बहुतेक 312 नंबरचे असतील, तपकिरी चिकटपट्टीचे, किंवा 13 नंबरचे, नारिंगी पट्टीचे. ते हवेवर चालतात. पट्टी काढली की मिनिटभर तसाच उघडा ठेवून मग आत घाला. खेड्यात मिळत नाहीत. घरी यंत्र कमी वापरतात म्हणून सेल पुरतो, तिथे पुरणार नाही.

धुळाक्षर (कोपरखैरणे)

थोडं वेगळं बोलतो. तलाव नको म्हणालात ते मला फार पटलं. माझी सासुरवाडी त्याच भागातली आहे. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, त्या वर्षी आमच्या सासऱ्यांनी मोसंबीची बाग डोळ्यांदेखत वाळताना पाहिली. त्या मुलखात आठवडाअखेरीच्या पाहुण्यांसाठी बोअरचं पाणी तलावात भरून ठेवतात तेव्हा शेजारच्या विहिरीत ते दिसतं. तुम्ही मालकांशी बोलाल तेव्हा पाणी कुठून येतं हेही विचारा. तिथले लोक विचारणाऱ्याला मान देतात.

आणि आवाजाचं म्हणाल तर रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने बंदी आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. 2000 सालचे नियम आहेत. कर्जतला तुम्ही 112 ला फोन करायला हवा होता. लोक संकोच करतात, मीही केला आहे.

शेवंती (कासारवडवली)

सगळ्यांचे मनापासून आभार. लासूरच्या दादांनी दिलेल्या दोन घरांपैकी एक पक्कं केलं. शनिवारी रात्री नऊला व्हिडिओ कॉल केला. तिथल्या ताई कंदिलासारखा मोबाईल धरून अंगणात उभ्या राहिल्या. एक कुत्रं भुंकलं, मग काही नाही. आल्यावर लिहिते.

*(तीन आठवड्यांनंतर)*

शेवंती (कासारवडवली)

आलो परत. उशीर झाला लिहायला, पण लिहीन म्हटलं होतं.

रविवारी पहाटे निघालो. वडप्यापर्यंत तास मोडला, पुढे काहीच त्रास नाही. बोगद्यात शिरताना आईने यंत्रं काढली, बाहेर पडल्यावर परत लावली नाहीत. मी काही बोलले नाही. माळीवाड्याला उतरून घाटाकडे निघालो तर रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या शेवटच्या टोपल्या होत्या. एक बाई डोळे उघडलेली फळं वेगळी काढून देत होती, “आज खायची ही, उद्याची ही” असं सांगत. आईला ऐकू येत नव्हतं, पण तिने बरोबर तेच हाताने विचारलं.

घर शूलिभंजनच्या वाटेवर आहे. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे न्हाणीघर, एक संडास कमोडचा. समोर मका काढून मोकळं केलेलं रान, डावीकडे अद्रकीचे बेड. सांभाळणारं जोडपं शेजारच्याच घरात राहतं. संध्याकाळी ताईंनी ज्वारीची भाकरी, शेवग्याच्या शेंगांची येसर घातलेली आमटी आणि ठेचा दिला. जेवताना आईने स्वतःहून डबी उघडली. एवढंच म्हणाली, “इथे काही वाजत नाही ना?”

आता त्या रात्रीचं सांगते. रात्री यंत्रं काढून झोपायचं असतं, तशी ती झोपली होती. दोनच्या सुमाराला तिने मला हलवून उठवलं. ती पाणी प्यायला उठली होती, आणि अंधारात एकटीने यंत्रं लावून ओसरीत जाऊन आली होती. म्हणाली, “कुणीतरी पाणी सोडलंय.” मला काहीच ऐकू आलं नाही. मग लांबवर मोटारीची घरघर कळली. माझ्या पोटात गोळाच आला, की झालं, इथेही तेच. पण ती मला हाताला धरून बाहेर घेऊन गेली.

मोकळ्या रानात एक माणूस डोक्याला बॅटरी बांधून बांधावरून चालत होता. हातात फावडं. एका सरीचं तोंड मातीने बंद करायचा, पुढच्या सरीचं उघडायचा. फावडं मातीत घुसताना एक आवाज, माती टाकून ती थोपटताना दुसरा. मग पाणी कोरड्या रानात शिरलं की बारीक बुडबुड, जशी तव्यावर भाकरी फुगताना होते तशी, पण खूप लांबवर पसरलेली. मध्येच तो खोकला. टिटवी ओरडून गेली. आई शालीत गुरफटून पायरीवर बसली आणि म्हणाली, “ओलवणी चाललीय. गहू पेरणार असतील.”

ओलवणी, म्हणजे पेरणीआधी रान भिजवणं. हा शब्द मी तिच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकला. ती शेतकऱ्याची मुलगी आहे, हे मला माहीत होतं, पण कळलं त्या रात्री. आम्ही तासभर बसलो होतो. तिने तिच्या वडिलांचं सांगितलं, रात्री दारं धरायला, म्हणजे असंच सरीसरीने पाणी द्यायला, ते जायचे तेव्हा ही कंदील घेऊन मागे चालायची, आणि पाणी कुठवर आलं ते अंधारात आवाजावरून सांगायची. मी हळू आवाजात प्रश्न विचारत होते आणि ती प्रत्येकाचं उत्तर देत होती. गेल्या दोन-तीन वर्षांत असं झालेलं नाही.

सकाळी ताई चहा घेऊन आल्या त्या ओशाळूनच. “या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची हाय, मोटारीचा तरास झाला असंल.” आई म्हणाली, “आज रात्री परत सोडणार का पाणी?”

सोमवारी सकाळीच वेरूळ. कैलासात आई हत्तीजवळच्या कट्ट्यावर बसून राहिली, वर बघत. “हे वरून खाली केलं म्हणजे चुकायला जागाच नाही,” हे तिचं वाक्य. दहाव्या लेण्यात छताला लाकडी वाशांसारख्या कोरीव फासळ्या आहेत, तिथे आवाज घुमतो. एका सहलीबरोबर आलेल्या बाईंनी बुद्धवंदना म्हटली. यंत्रात अशा ठिकाणी आवाज दुहेरी होतो, आईला शब्द कळले नाहीत. पण सूर भरून राहिला होता तो तिला मिळाला, आणि त्या बाईंचं संपेपर्यंत ती हलली नाही. घृष्णेश्वराला रांग होती, बाहेरूनच नमस्कार केला.

मंगळवारी देवगिरी. चांदमिनारच्या समोर सावलीत आईला बसवलं आणि मी खंदकापर्यंत आणि ‘अंधेरी’ म्हणतात त्या काळोख्या भुयारी वाटेतून थोडं पुढे जाऊन आले. येऊन बघते तर शेजारी दोन शाळकरी मुली बसलेल्या, आणि आई त्यांना गोष्ट सांगत होती. नाथांना हिशेबात एका पैची चूक सापडत नव्हती, रात्रभर दिव्याशी बसून ती सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली, आणि ती ऐकून जनार्दन स्वामी उठून आले. “त्या टाळीचा आवाज इथे, या डोंगरावर झाला,” असं तिने वर बोट दाखवून सांगितलं. मुलींनी काही विचारलं, तेही तिला पहिल्याच वेळी कळलं. वर समाधीपर्यंत ती जाऊ शकली नाही. खालूनच हात जोडले, बराच वेळ.

बुधवारी कुठेच जायचं नाही असं ठरवलं होतं. दुपारी ताईंचे यजमान म्हणाले, शूलिभंजनचं दत्त मंदिर इथेच आहे, नाथांनी तिथे तप केलं. तिथे एक शिळा आहे, लहान दगडाने ठोकली की घंटेसारखी वाजते. आईने स्वतः ठोकली, तीनदा. त्याच संध्याकाळी तिच्या उजव्या यंत्राचा सेल संपला. घरी पंधरा दिवस जातो तो. अनुस्वारताई, तुमच्यामुळे पाकीट बरोबर होतं, नाहीतर पुढचा दिवस वाया गेला असता.

कमीजास्त तेही सांगते. वीज एक दिवस दुपारी तीन तास नव्हती. मोबाईलला ओसरीच्या एकाच कोपऱ्यात रेंज येते. अंघोळीचं पाणी चुलीवर तापवून मिळतं, आधी सांगावं लागतं. पाणी त्यांच्याच विहिरीचं आहे, उन्हाळ्यात टँकर लागतो, म्हणून मार्चनंतर ते पाहुणे घेत नाहीत. धुळाक्षरदादा, हे त्यांनी न विचारता सांगितलं. दोन खोल्यांचे दिवसाला साडेतीन हजार, जेवण माणशी वेगळं.

खाडीकाठ (नेरूळ)

ताई, दोनदा वाचलं. आमच्या लेकाला मोटारीची घरघर चालेल का ते कळत नाही, पण ती एकसारखी असेल तर बहुधा चालेल. अचानक बंद-चालू होते का?

शेवंती (कासारवडवली)

एकदा सुरू झाली की वीज असेपर्यंत एकसारखी चालते. विहीर घरापासून बऱ्याच अंतरावर आहे, खिडक्या लावल्या तर मला आत ऐकूच येत नव्हती. तरी जायच्या आधी ताईंना फोन करून विचारा, लाईट कोणत्या आठवड्यात दिवसाची आहे ते. त्या नीट सांगतात.

वाऱ्याची_दिशा (खारघर)

वसईचा आग्रह मागे घेतो. घरी आल्यावर आई यंत्रं लावतात का आता?

शेवंती (कासारवडवली)

दिवसभर नाही. मिक्सर अजून आहेतच. पण सकाळी साडेपाच ते सात, रस्ता जागा व्हायच्या आत, ती लावते आणि आम्ही दोघी चहा घेतो. अनुस्वारताईंनी सांगितलं तसं आवाज थोडा कमी ठेवून. मी गजर त्यासाठी अर्धा तास अलीकडे आणलाय.

अनुस्वार (वाशी)

हे फार चांगलं केलंत. एवढं रोज झालं तरी पुष्कळ आहे. दोन महिन्यांनी एकदा यंत्रांची तपासणी करून घ्या, जुळवणी थोडी बदलावी लागेल.

मूळचा_लासूरचा (ऐरोली)

ताई, ओलवणीचं वाचून गावाकडे फोन लावला. वडील म्हणाले, तुमच्या आईंना हुरड्याला घेऊन या, डिसेंबर संपता संपता ज्वारी हुरड्यात येते. आमच्या घरी या, बंगला नको.

शेवंती (कासारवडवली)

दादा, आईला वाचून दाखवलं. ती बॅग कुठे आहे ते विचारतेय.

काल तिने तिथल्या ताईंना फोन केला होता, स्पीकर न लावता, यंत्राला धरून. गहू उगवून वर आलाय म्हणे. या आठवड्यात लाईट दिवसाची आहे.